वडिलांवर पुस्तिका लिहायची आहे : विशेषणे पुष्कळ, माहिती थोडी

तेरणाकाठ यांचा प्रश्न :

नमस्कार. आमचे वडील, ज्यांना घरात आणि गावातही सगळे नानाच म्हणत, गेल्या श्रावणात वारले. वय सत्त्याऐंशीच्या आसपास होते. आसपास का, ते पुढे येईलच. ते प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांची सगळी नोकरी औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील लहान गावांत झाली. वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका छापावी आणि ती नातेवाइकांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना द्यावी, असे आम्हा भावंडांचे ठरले आहे. मी थोरली, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिली अडचण अशी की प्रत्येक भावंडाने जे लिहून दिले त्यात शिस्तप्रिय, प्रेमळ, निःस्वार्थी, विद्यार्थिप्रिय हेच शब्द आहेत. नाव झाकले तर ते तालुक्यातल्या कोणत्याही निवृत्त गुरुजींना लागू पडेल. भूकंपाबद्दल तर एकच वाक्य आहे : "किल्लारीच्या भूकंपात नानांनी मोठे काम केले." कोणते काम, हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

दुसरी अडचण तारखांची. कागदोपत्री नानांचा जन्म १ जून १९३८ चा आहे, परंतु आजी म्हणायची की ते पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले. साल तिलाही सांगता येत नसे. घरातल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या शेतसाऱ्याच्या उर्दू पावत्या आहेत, ज्यांवर १३५२, १३५५ अशी साले दिसतात. त्याच पेटीत नानांची हिशेबाची वही आहे. तिच्यातला अर्धा मजकूर मराठीत आणि अर्धा उर्दू लिपीत आहे, आणि आमच्यापैकी एकालाही उर्दू वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. दर १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनी, नाना रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, काळातल्या हकिकती सांगत. रात्री बैलगाडीने गाव सोडून सगळे कुटुंब बार्शीला गेले, तिथे धर्मशाळेत राहिले, हे त्यांच्या तोंडून आम्ही कितीतरी वेळा ऐकले. मात्र पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे १९४८ साली भारतीय फौजेने निजामाचे हैदराबाद संस्थान घेतल्यावर, परत आल्यावर गावात काय पाहिले, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. गावात पूर्वी मोमिनांची, म्हणजे मुसलमान विणकरांची, एक गल्ली होती, आता तिथे बाभळी आहेत. मी एकदा विचारले तेव्हा "त्ये राहू द्या" एवढेच म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की हा विषय पुस्तिकेत येऊच नये. मला निर्णय करता येत नाही. असे लेखन कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

जुना अभिलेख यांचे उत्तर :

ताई, मी भूमी अभिलेखात नोकरी केली आहे, म्हणून कागदांपुरते सांगतो.

१ जून या तारखेवर विसंबू नका. पूर्वी जूनमध्ये मूल शाळेत आणले की गुरुजी त्याच्याकडे पाहून वय ठरवत आणि तारीख १ जून टाकत. त्यामुळे आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आणि सरकारी नियमाप्रमाणे एकाच दिवशी, म्हणजे ३१ मे रोजी, निवृत्त झाला. आजीच्या पोळ्यावर माझा अधिक विश्वास आहे, कारण बैल, सण आणि पाऊस यांच्या आठवणी बाया चुकत नाहीत. पोळा म्हणजे श्रावण अमावस्या. १९३६ ते १९४० ची पंचांगे काढून पाचही वर्षांच्या पोळ्याच्या तारखा काढा. मग भावकीतले कोण नानांपेक्षा सहा महिन्यांनी मोठे आणि कोण लहान, हे विचारत जा. साल हाती लागले नाही तर पुस्तिकेत दोन्ही गोष्टी लिहा : दाखल्यावरची तारीख ही, आजी सांगे ती ही.

आजोबांच्या पावत्यांवरचे साल फसली, म्हणजे शेतसाऱ्यासाठी वापरायच्या कालगणनेचे, आहे. हैदराबाद संस्थानात महसुली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३५२ फसली हे १९४२-४३ आणि पोलीस अॅक्शनचे वर्ष १३५७. महिने फारसी असतात : आजुर, दै, बहमन, इस्फंदार वगैरे. रक्कम बहुधा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, असेल. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, असा भाव होता, तेव्हा पावतीवर चौदा रुपये असतील तर ते बारा कलदार समजावेत. हाली चलन १९५१ नंतर नव्याने निघाले नाही, पण १९५९ पर्यंत ते बाद झालेले नव्हते, त्यामुळे नानांच्या सुरुवातीच्या हिशेबातही त्याचा उल्लेख सापडू शकेल.

तहसील कार्यालयातून १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मिळवा. त्यात जमीन कोणाच्या नावे होती आणि प्रत्यक्ष कसत कोण होते, हे दिसते. कुटुंबाची त्या काळची ऐपत समजायला याहून सरळ कागद मराठवाड्यात नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नानांचे सेवापुस्तक. नोकरीत कधी लागले, कोणत्या गावाहून कोणत्या गावी बदली झाली, रजा किती व कशासाठी, वेतनवाढ रोखली होती का, सगळे त्यात असते. ते वाचताना एक लक्षात ठेवा. आपला भाग १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा परिषदा तर १ मे १९६२ रोजी आल्या. त्याआधी नोकरीला लागलेल्या माणसाच्या पुस्तकात मालकच बदललेले दिसतात. शिवाय लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा झाला. औशाची तीच शाळा त्यापूर्वीच्या नोंदीत एका जिल्ह्यात आणि नंतरच्या नोंदीत दुसऱ्या जिल्ह्यात सापडेल. बदली झाली असे समजून घोटाळा करू नका.

मांजरेची लेक यांचे उत्तर :

एवढ्या मोठ्या प्रश्नात तुमच्या आईंचा उल्लेख नाही. त्या हयात असतील तर सगळे कागद बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ बसा.

शिक्षकाची बदली होई तेव्हा शेत, म्हातारी माणसे आणि मुले कोण सांभाळी? पगार कोणाच्या हाती येई आणि महिनाअखेरीस दुकानदाराकडे कोण जाई? नानांचे चरित्र या प्रश्नांच्या उत्तरांतच आहे. मात्र "नाना कसे होते" असे विचारू नका. त्याचे उत्तर "देवमाणूस" असेच येते. तुमचे भांडण कशावरून होई, ते कोणाशी बोलत नसत, घरी आल्यावर पहिल्यांदा काय मागत, कोणाचे पैसे देणे होते, कोणत्या लग्नाला गेले नाहीत, असे विचारा. एका वेळी एकच विषय घ्या आणि फोनवर आवाज नोंदवून ठेवा. आई थकली की थांबा.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, लातुरात गंजगोलाईच्या बाजूला शिंपीकाम करत. त्यांच्या मागे आम्ही जी निधनपत्रिका छापली तिच्यात "कष्टाळू" हा शब्द होता. पुढे आईने जे सांगितले ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात कपडे शिवायला कोणी येईना, तेव्हा दादांनी मशीन गहाण टाकले आणि ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळे आणि रेशनला ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी आईच्या म्हणण्याप्रमाणे थापताना तुटायची. दोन वर्षांनी मशीन सुटले, पण बोटे जाड झाली होती आणि ब्लाउजची बारीक शिवण त्यांना पूर्वीसारखी जमेना. म्हणून त्यांनी बायकांचे कपडे सोडून शाळेचे गणवेश घेतले. आम्ही लहानपणापासून "गणवेशवाले" म्हणून ओळखले जात होतो आणि ही त्यांची आवडीची निवड आहे असे समजत होतो. आता "कष्टाळू" हा शब्द आमच्या घरी कोणी वापरत नाही. मशीन गहाण टाकल्याचे सांगतो.

तुमच्या नानांच्याही १९७२ ची चौकशी करा. पगारदार माणसाच्या घरी त्या साली सगळी भावकी जेवायला येत असे, आणि त्याचा ताण कोणी सोसला हे आईच सांगतील.

बार्शी लाइट यांचे उत्तर :

मी तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण आमचे आजोळ त्याच पट्ट्यातले आहे.

नानांची बार्शीची हकिकत अगदी खरी वाटते. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या हद्दीतून, शेकडो कुटुंबे रझाकारांच्या भीतीने बार्शी आणि सोलापूरकडे गेली होती. सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र कॅम्प होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या फौजेने त्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दाखल्यावरची तारीख धरली तर नाना तेव्हा दहा वर्षांचे होते. दहा वर्षांचे मूल सगळे पाहते आणि लक्षात ठेवते.

त्यानंतर जे झाले त्याची चौकशी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अहवालात मारल्या गेलेल्यांचा, म्हणजे मुख्यतः मुसलमानांचा, आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान अंदाजला आहे आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. गावोगावीही तो विषय असाच उठून गोठ्याकडे जात राहिला.

माझा सल्ला असा की नानांच्या मौनात तुम्ही पुस्तकातला मजकूर भरू नका. तुमच्या गावात काय घडले हे अहवालावरून ठरत नाही. ते सांगत तेवढे त्यांच्या शब्दांत लिहा. पुढे एक वाक्य लिहा की परत आल्यावर काय पाहिले हे त्यांनी सांगितले नाही, विचारल्यावर "त्ये राहू द्या" म्हणाले, आणि मोमीन गल्लीच्या जागी आज बाभळी आहेत. याहून अधिक लिहायचे असेल तर आधी त्या गल्लीतली कुटुंबे कुठे गेली याचा शोध घ्या. आपल्याकडची बरीच विणकर घराणी सोलापुरात आहेत.

अंबाजोगाईकर यांचे उत्तर :

वरील मताशी मी सहमत नाही. ही पुस्तिका श्राद्धाच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीत, लहानथोरांच्या हाती जाणार आहे. नानांच्या विद्यार्थ्यांत सर्व समाजांची मुले असतील. नानांनी आयुष्यभर जे बोलायचे टाळले ते त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाने छापणे मला पटत नाही. न बोलण्याचाही माणसाला अधिकार असतो. तुमच्या भावाचे चुकत नाही. हवे तर वेगळ्या वहीत, घरापुरते लिहून ठेवा.

बार्शी लाइट :

मग बार्शीची बैलगाडीही काढून टाकावी लागेल. जाण्याची हकिकत छापायची आणि येण्याची गाळायची, तर वाचणाऱ्याला अर्धाच इतिहास मिळतो आणि तो नानांच्या तोंडी घातला जातो. त्यांनी अर्धा सांगितला हे खरे, पण अर्धा आहे हे त्यांना माहीत होते. सर्व समाजांचे विद्यार्थी येणार आहेत म्हणूनच ते वाक्य हवे.

एकशिक्षकी यांचे उत्तर :

भूकंपाबद्दल थोडे. माझे वडीलही त्याच भागात शिक्षक होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, लोक उशिरा घरी येऊन माळवदाखाली गाढ झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा थर असलेली ती घरे उन्हाळ्यात थंड असत, पण पडली तेव्हा आतल्या माणसाला वाट राहिली नाही.

"मोठे काम" म्हणजे काय, ते वडिलांकडून मला तुकड्यातुकड्यांनी कळले. मदतीला आलेले जवान आणि बाहेरचे स्वयंसेवक कोणालाच ओळखत नव्हते. कोणत्या घरात किती माणसे, मुलाचे नाव काय, बाप कोण, मामा कोणत्या गावचा, हे गुरुजींना माहीत होते. त्यामुळे मृतांच्या आणि जखमींच्या याद्या करायला त्यांना बसवले गेले. शाळेच्या ढिगाऱ्यातून पटाचे रजिस्टर शोधून काढले आणि त्यावरून मुलांची नावे लावली. पुढे मदतवाटपाच्या आणि पुनर्वसनाच्या याद्यांतही तेच. त्या कामात शिव्याही खाव्या लागल्या, कारण यादीत नाव नसलेला माणूस सरकारला सापडत नाही, गुरुजी सापडतात.

तुमच्या नानांनी नेमके हेच केले असे नव्हे. पण १९९३ साली ते कोणत्या शाळेवर होते हे सेवापुस्तकात पाहा, मग त्या गावात जाऊन तेव्हा सातवीत असलेल्यांना विचारा. ते आता पंचेचाळिशीच्या आत-बाहेर असतील. शिक्षकाच्या सहकाऱ्यांपेक्षा विद्यार्थ्यांना अधिक आठवते, आणि त्यांना भीड कमी असते. कोणाला कशाबद्दल मारले हेही ते सांगतील. तेही छापा.

तेरणाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान बरेच काम झाले म्हणून पुन्हा लिहीत आहे.

आई आहे, आणि मांजरेची लेक यांनी सुचवल्याप्रमाणे तिच्याजवळ बसले. भांडण कशावरून होई, असे विचारताच ती हसली आणि म्हणाली, "येळवसीवरून." वेळ अमावस्येला नाना शाळेतल्या सहकाऱ्यांना, विद्यार्थ्यांच्या आईबापांना, वाटेत भेटेल त्याला शेतावर जेवायला बोलावीत. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, स्वतः बांधीत. परंतु भज्जी, अंबिल, उंडे आणि भाकरी आदल्या रात्रीपासून आईच करी, आणि किती माणसे येणार हे तिला पाटी डोक्यावर घेऊन शेतात पोचल्यावर कळे. एका वर्षी तिने मोजून पंचवीस माणसांचेच रांधले आणि उरलेल्यांना नानांनी हुरडा भाजून घातला. आम्ही भावंडांनी हाच दिवस "आतिथ्यशील स्वभाव" या दोन शब्दांत उरकला होता.

हिशेबाची वही औशाच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिली. आम्हाला वाटले होते की त्यात काही गुपित असेल. त्यात दोन प्रकारच्या नोंदी निघाल्या. एक, उसनवारीच्या. १९७२-७३ मध्ये नानांनी पायलीच्या मापाने ज्वारी आणि काही रोख रक्कम तीन जणांकडून घेतली होती, त्यांतले शेवटचे देणे १९७६ मध्ये फिटले. मुलांना वाचता येऊ नये म्हणून ते उर्दूत लिहीत, असे आई म्हणाली. दुसऱ्या नोंदी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांबद्दलच्या आहेत. त्यांतली एक जशीच्या तशी पुस्तिकेत घेत आहे : "साहेब आले. कोंबडी झाली. शेरा, समाधानकारक. शाळा की कोंबडी, ते लिहिले नाही."

१९९३ साली नाना औसा तालुक्यातच होते. मी त्या गावी जाऊन आले. पडलेल्या घरांच्या याद्या त्यांनी केल्या होत्या, आणि एका विद्यार्थ्याने, जो आज तिथेच किराणा दुकान चालवतो, स्पष्ट सांगितले की त्याच्या चुलत्याचे नाव पहिल्या यादीत राहून गेले, त्यावरून चुलता आणि नाना यांचे तोंडपाहणे बंद झाले. नाव पुढच्या यादीत आले, बोलणे मात्र सुरू झाले नाही. हे छापू का, असे विचारले तर तो म्हणाला, "छापा की. दोघं बी गेले आता."

गल्लीबद्दल मी एक परिच्छेद लिहिला आहे. तो असा :

"नाना कुटुंबासह बार्शीहून परत आले तेव्हा पिके काढणीला आली होती, असे ते सांगत. ते कोणत्या रस्त्याने आले, गाडीत कोण कोण होते, घराचे कुलूप तुटलेले होते, इथपर्यंत ते सांगत आणि थांबत. गावातली मोमीन गल्ली त्या वर्षानंतर वसलेली नाही. तिच्याबद्दल नाना बोलले नाहीत. विचारले असता 'त्ये राहू द्या' म्हणाले. त्यांना उर्दू लिहायला त्याच गल्लीतल्या एका मास्तरांनी शिकवले होते, असे आई सांगते."

शेवटचे वाक्य आईने आपणहून सांगितले. तिने ते नानांच्या आईकडून ऐकले होते. मसुदा भावाकडे दिला आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही, पण परतही पाठवलेला नाही.

एक शंका उरली आहे. सेवापुस्तकाची प्रत मागायला पंचायत समितीत गेले तर "एवढे जुने सापडणार नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. आता काय करावे?

जुना अभिलेख :

तोंडी उत्तर घेऊन परत यायचे नाही. माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा. सोबत निवृत्तिवेतन आदेशाची आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा, निवृत्तीच्या वेळची शाळा व दिनांक लिहा. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा. निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार करताना सेवेचा गोषवारा काढलेला असतो. पुस्तक खरोखरच हरवले असेल तर तो तरी मागा, बदल्यांची गावे बहुतेक त्यातून निघतील. आणि गोषवारा आला की १९५८ ते १९६२ च्या नोंदी इथे टाका, आपण मिळून लावू.